दवाखान्याच्या दारात कोण उभं होतं?

मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ, धोबीतलावच्या चौकात एका डॉक्टरांचा पुतळा आहे. बस पकडायच्या घाईत त्याच्याकडं कुणी फारसं पाहत नाही. हे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका रोग्याला तपासताना त्यांना ताप आणि जांघेतली गाठ दिसली, आणि मुंबईत गाठीचा प्लेग आला आहे हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितलं. मांडवी हा गोदीलगतचा भाग. धान्याची गुदामं, अरुंद गल्ल्या, वर दाटीवाटीच्या खोल्या. रोग तिथं आधीच सुरू झालेला होता. त्याचं नाव मात्र आधी घेतलं ते त्या गल्लीत रोजची ये-जा असणाऱ्या डॉक्टरांनी.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतोय. आज मला प्लेगच्या साथीचा सगळा इतिहास सांगायचा नाही. मला एवढंच पाहायचं आहे की, गरिबांच्या वस्तीत औषधोपचार पोहोचला तेव्हा लोक त्यापासून पळाले का, आणि मग तेच लोक त्याच्याकडं वळले कधी? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शहरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दिलेलं आहे. त्यातलं अर्धं आपण ऐकलं, अर्धं अजून ऐकायचं राहिलंय.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांच्या वर गेलेली. गिरण्या वाढत होत्या, त्यांच्या भोवती चाळी वाढत होत्या. कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून माणसं येत होती. एका खोलीत एक कुटुंब आणि वर दोन-तीन भाडेकरू ही रीतच होती. खोलीला खिडकी असली तरी ती समोरच्या चाळीच्या भिंतीवर उघडायची. शहराचा कारभार पाहणाऱ्या म्युनिसिपालिटीत मत देण्याचा हक्क मिळकतदारांचा आणि सुशिक्षितांचा. चाळींत राहणाऱ्याला मत नव्हतं. चाळींच्या मालकांना मात्र होतं. मलबार हिलवरची हवा आणि नागपाड्यातली हवा एकाच शहरातली, पण तिथं घेतल्या जाणाऱ्या श्वासांची किंमत वेगवेगळी होती.

प्लेग जाहीर झाल्यावर सरकार घाबरलं. घाबरण्याला कारणही होतं. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगनं थैमान घातलं होतं आणि आता युरोपातले देश मुंबईच्या जहाजांवर बंदी घालण्याच्या गोष्टी बोलू लागले होते. ऑक्टोबर १८९६ च्या सुरुवातीलाच म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा हुकूम निघाला. कुठल्याही घरात शिरून रोगी शोधायचा, त्याला सक्तीनं रुग्णालयात न्यायचं, घर जंतुनाशकानं धुवायचं. गटारांत हजारो गॅलन पाणी सोडलं, भिंतींना चुना फासला, कौलं काढून खोल्यांत ऊन सोडलं, गरिबांच्या गोधड्या आणि चिंध्या जाळल्या. काही घरांच्या दारांवर राहण्यास अयोग्य अशा खुणा केल्या. पुढं ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. हाच तो कायदा, जो आपण २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला.

आणि लोक? लोक पळाले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली होती. जे मागं राहिले ते रोगी लपवू लागले. माळ्यावर, कपाटाआड, धान्याच्या पोत्यांमागं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. जिथं माणसं बरी करायची तिथंच दगड पडले.

अफवांचं तर पीकच आलं होतं. रुग्णालयात माणसांचं तेल काढतात, त्याची मोमियाई करतात, असं लोक बोलत. रोग्यांची काळजं काढून विलायतेला राणीकडं पाठवतात, असंही बोलत. त्याच ऑक्टोबरात राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं आणि हा त्याचा सूड आहे, अशी अफवा होती. आज या गोष्टी वाचताना आपल्याला हसू येतं. अडाणी माणसं, असं म्हणून आपण पान उलटतो. पण अफवेतही एक हिशोब असतो. गिरणीत दिवसाचे बारा-बारा तास घालवणाऱ्याला, आपल्या अंगातून काहीतरी काढून घेऊन ते कुठंतरी दूर विकलं जातं, हा अनुभव रोजचा होता. जे सरकार एरवी आपल्या गल्लीत फिरकत नाही, ते आज आपल्या आजारी मुलाला न्यायला आलंय ते दयेपोटी, यावर त्यानं विश्वास का ठेवावा?

शिवाय काही कारणं अफवेची नव्हतीच. तपासायला येणारे पुरुष, परके, कधी गोरे सोजीर. गाठ पाहायची म्हणजे काख आणि जांघ पाहायची. पडद्यात राहणाऱ्या मुसलमान बाईला काय, किंवा घुंगट ओढणाऱ्या मारवाडी बाईला काय, याचा अर्थ काय होता ते सांगायला नको. माणूस रुग्णालयात दगावला तर त्याला गुस्ल कोण घालणार, कफन कोण देणार, जनाज्याची नमाज कोण पढणार? हिंदूंच्या घरी दुसरा प्रश्न. पाणी कुणाच्या हातचं, अन्न कुणाच्या हातचं, आणि शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजळ कोण घालणार? मरणाची भीती सगळ्यांनाच असते. अनोळखी माणसांत, बेवारशासारखं मरण्याची भीती तिच्याहून मोठी होती.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रुग्णालयाकडं त्या वेळी प्लेगवर औषधच नव्हतं. रोगी उशिरा, बळजबरीनं, हलवाहलवीत नेला जायचा आणि बहुतेक वेळा परत यायचा नाही. गल्लीतल्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं की गाडी भरून जाते आणि रिकामी येते. त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं.

मार्च १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगची सूत्रं ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीकडं आली. माणूस लष्करी. घरोघरची झडती त्यांनी थांबवली नाही, उलट वाढवली. पण त्यांच्या समितीनं एक गोष्ट ओळखली. ज्या त्या समाजाला स्वतःचं प्लेग रुग्णालय काढायची मुभा दिली तर रोगी लपवण्याचं प्रमाण कमी होईल. मग पारशांचं, खोजांचं, मेमनांचं, जैनांचं, भाटियांचं, अशी रुग्णालयं उभी राहू लागली. काही पक्क्या इमारतींत, बरीचशी बांबूच्या आणि चटयांच्या मांडवांत. खर्च समाजानं उचलायचा, देखरेख समाजातल्या मंडळींनी करायची, सरकारी डॉक्टरांनी येऊन तपासून जायचं. रोग्याजवळ घरचं माणूस बसू शकत होतं. जेवण ओळखीच्या हातचं होतं. मेलेल्याचे विधी नीट होत होते.

आणि लोक येऊ लागले. विचार करा, काय बदललं होतं? औषध तेच होतं, म्हणजे नव्हतंच. रोग तोच होता. बदलला होता तो दारात उभा राहणारा माणूस. आत जाताना ज्याच्याशी दोन शब्द आपल्या बोलीत बोलता येतील, ज्याला आपल्या बापाचं नाव माहीत आहे, उद्या काही बरंवाईट झालं तर ज्याला चौकात गाठून जाब विचारता येईल, असा माणूस. वस्तीतले स्वयंसेवक वैद्यकशास्त्रात काही भर घालत नाहीत. वैद्यकशास्त्राला लोकांच्या घरात जायला जो परवाना लागतो, तो परवाना ते देतात.

लसीच्या बाबतीत हेच घडलं. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्या काळी लसीविषयी संशय काही कमी नव्हता. तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान, वय जेमतेम वीस, यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. मग हजारो खोजांनी हात पुढं केला. शास्त्रज्ञानं आधी स्वतःच्या दंडावर प्रयोग केला आणि धर्मगुरूनं आपला दंड पुढं करून साक्ष दिली. दोघांनी मिळून जे साधलं ते कुठल्याही हुकमानं साधलं नसतं. हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढं परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

इथवर गोष्ट गोड आहे. पण मला ती इथं संपवता येत नाही. समाजानं समाजासाठी काढलेलं रुग्णालय म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. ज्याच्या समाजाकडं पैसा नाही त्याचं काय? ज्या जमातींकडं पेढ्या होत्या, गलबतं होती, त्यांना वर्गणी जमवायला चार दिवस पुरले. हातमागावर पोट असणाऱ्यांनी वर्गणी कुठून काढायची? बाहेरचा माणूस सरसकट मुसलमान म्हणून एक खोका करतो, पण त्या खोक्यात मेमन व्यापारीही होता आणि मदनपुऱ्याचा जुलाहाही. हे विणकर १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतून इकडं आलेले. खोलीत माग, मागाशेजारी चूल, चुलीशेजारी अंथरूण.

९ मार्च १८९८ रोजी दंगल पेटली ती याच विणकरांच्या वस्तीत, रिपन रोडला. झडतीच्या पथकाला एका घरात आजारी मुलगी सापडली. वय साधारण बारा. तिला तपासायचं आणि न्यायचं यावरून वाद झाला, जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्यानंतर सरकारनं सक्ती सैल केली, घरी उपचार करायला वाव दिला. जे एका आजारी मुलीच्या बापाला समजावून सांगायला हवं होतं, ते सरकारला स्वतः समजायला प्रेतं पडावी लागली. पुण्यात तर याच्याही आधी हे झालं होतं. रँडच्या अमलातली घरझडती आणि २२ जून १८९७ चा चापेकरांचा गोळीबार आपण शाळेत शिकलो आहोत, त्यामुळं त्याच्या तपशिलात मी जात नाही.

पण त्याच पुण्यातली एक गोष्ट आपण शाळेत घाईघाईनं शिकतो. १८९७ च्या सुरुवातीला सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. हा दवाखाना कुठल्या एका जातीचा नव्हता. ज्यांना घेऊन जायला कुणी नाही त्यांना सावित्रीबाई स्वतः आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं. त्यातून त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढं काही वर्षांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच यशवंतही गेले.

पाठीवर घेऊन जाणाऱ्या सावित्रीबाईंचं चित्र आपण आदरानं भिंतीवर लावतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळात आपला या शब्दाची हद्द जातीपाशी संपायची. आपला माणूस म्हणजे आपल्या जातीचा माणूस, आपलं रुग्णालय म्हणजे आपल्या जमातीचं रुग्णालय. सासष्टी ओलांडलेल्या या बाईनं ती हद्द मुंढव्याच्या वेशीपलीकडं नेली. स्वयंसेवी दवाखान्याचे दोन रस्ते मला त्या एका वर्षात शेजारी-शेजारी दिसतात. एक आपल्या लोकांसाठी दार उघडतो. दुसरा, ज्याच्यासाठी कुठलंच दार नाही त्याला आपलं मानतो. दोन्हींनी जीव वाचवले, पण दोन्ही सारखे नाहीत.

आता उरलेल्या अर्ध्या उत्तराकडं येतो. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळं माणसात येतो हे १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोगानं दाखवलं. ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे माणसं घरातून ओढून नेण्याचा जो आटापिटा झाला, त्यात खरा गुन्हेगार कौलांत आणि धान्याच्या पोत्यांतच राहिला होता. दोष माणसापेक्षा घरात होता. हे सरकारला अंधुकपणे कळलंही. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं नागपाड्यापासून कामाला सुरुवात केली. दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्याच योजनेतले. हवा आत आली खरी. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानानं नव्या खोल्या फार कमी बांधल्या गेल्या आणि त्यांचं भाडं पुष्कळांना परवडणारं नव्हतं. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटीनं राहिली.

याचा हिशोब वीस वर्षांनी मिळाला. १९१८ च्या उन्हाळ्याअखेरीस इन्फ्लुएन्झा मुंबईच्या बंदरात उतरला. पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली, ती भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. महायुद्ध चालू होतं, पावसानं दगा दिला होता, धान्य आणि दूध महागलं होतं. या वेळी मात्र सरकारनं प्लेगसारखी सक्ती केली नाही. तेवढं बळही त्याच्याकडं नव्हतं. पुढं आल्या त्या लोकांच्या संस्था. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेली सोशल सर्व्हिस लीग होती, जातीजमातींची मंडळं होती, डॉक्टरांच्या संघटना होत्या. स्वयंसेवक चाळीचाळींतून औषधं, दूध, कांबळी घेऊन फिरले. फुकट दवाखाने निघाले, तात्पुरती रुग्णालयं निघाली. या वेळी कुणी दगड मारला नाही. दारात ओळखीचं माणूस उभं करायचं, हा प्लेगचा धडा शहर शिकलं होतं.

तरीही त्या साथीतले आकडे पाहा. हजार लोकवस्तीमागं इन्फ्लुएन्झानं किती मेले, याची समाजवार नोंद त्या वेळच्या आरोग्य खात्यानं ठेवली. युरोपियन ८.३. पारशी ९. मुसलमान १९.२. सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना तेव्हा खालच्या जाती म्हणत त्यांच्यात ६१.६. साथ एक, शहर एक, हवा एक, विषाणू एक. आणि मरणाचं प्रमाण सातपटीहून जास्त. सवर्ण हिंदूंशी तुलना केली तरी तिपटीहून जास्त. शहराची गटारं आणि रस्ते साफ करणारी, गोदीत ओझी उचलणारी ही माणसं. ती राहत होती पत्र्याच्या आणि झावळ्यांच्या झोपड्यांत, सगळ्यात कमी खाऊन, सगळ्यात जास्त राबून.

हे आकडे वाचले की मी बराच वेळ पुढं वाचू शकत नाही. कारण त्या ऑक्टोबरात स्वयंसेवक हात आखडून बसले नव्हते. ते रात्रंदिवस झटत होते. त्यांनी असंख्य जीव वाचवलेही असतील. पण दुधाचा पेला घेऊन आलेला स्वयंसेवक त्या खोलीला खिडकी पाडू शकत नव्हता. कांबळं देऊ शकत होता, मजुरी वाढवू शकत नव्हता. रोग्याला बरं करून तो परत त्याच खोलीत पाठवत होता, जिथं तो आजारी पडला होता.

मी स्वतः विणकरांच्याच मोहल्ल्यात वाढलो. आमच्या वेळी हातमाग जाऊन पॉवरलूम आले होते. १९९० नंतरची गोष्ट. मी नुकताच बी. ए. झालो होतो आणि नोकरीच्या शोधात होतो. दर रविवारी मदरशाच्या पुढच्या खोलीत एक फुकट दवाखाना चालायचा. दोन डॉक्टर यायचे, एक आमच्यातले, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे हिंदू गृहस्थ. माझ्याकडं केसपेपर लिहायचं काम होतं, कारण मोहल्ल्यात मराठी लिहिता येणारे थोडेच होते. मोठ्या रुग्णालयात पाठवायच्या रोग्याला मी मराठीत चिठ्ठी लिहून द्यायचो. नुसता आजार नव्हे, तर हिला ऐकू कमी येतं, हिच्यासोबत कुणी नाही, असंही लिहायचो. चिठ्ठी नसली की खाला तासन्‌तास चुकीच्या रांगेत उभी राहून घरी परत यायची. ती माझ्या चिठ्ठीला तावीज म्हणायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की, भाषा हाही एक दरवाजा आहे. मराठीत कविता मी नंतर लिहिल्या. मराठीचा उपयोग आधी तिथं झाला.

त्या खोलीत मी एकच खोकला पुन्हापुन्हा ऐकला. सुताची बारीक धूळ, रात्रपाळी, चौघांच्या जागेत दहा जण झोपलेले. क्षयाचे रोगी बरे व्हायचे आणि वर्षभरानं त्याच घरातला दुसरा कुणीतरी यायचा. १९९७ पासून देशात क्षयावरच्या नव्या कार्यक्रमात कुणीतरी समोर बसून गोळी खायला घालायची पद्धत आली. आमच्या गल्लीत हे काम एका शिलाई करणाऱ्या आपांनी पत्करलं. त्यांच्या हातून गोळी चुकली असं झालं नाही. पण आमचे डॉक्टर वैतागून एक गोष्ट म्हणायचे, तिचा अर्थ असा होता की, गोळ्या त्यांच्या हातात आहेत, ऊन त्यांच्या हातात नाही.

ऊन हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या डॉक्टरांच्या स्वयंसेवी संस्थेनं मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास पुढं आणला. झोपड्या हटवून माणसांना पक्क्या इमारतींत आणलं होतं. पण लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथल्या इमारती इतक्या खेटून बांधलेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नाही. तिथं क्षयाचं प्रमाण मोकळ्या अंतरानं बांधलेल्या जवळच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. ही माणसं आता चाळीत नाहीत, झोपडीत नाहीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत आहेत. पण १८९६ च्या मांडवीतली ती खिडकी, समोरच्या भिंतीवर उघडणारी, त्यांच्यासोबत आलेलीच आहे. या अभ्यासात मला विशेष वाटतं ते हे की, तो दवाखाना चालवणाऱ्यांनी केला. रोगी तपासता तपासता त्यांनी इमारत तपासली.

धारावीची आठवण तर ताजी आहे. १ एप्रिल २०२० रोजी तिथं करोनाचा पहिला रोगी सापडला तेव्हा आता इथं प्रेतांचा खच पडणार असंच सगळ्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. महापालिकेचे कर्मचारी होते, आशासेविका होत्या, आणि त्यांच्यासोबत धारावीतच दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर घरोघर फिरले. वर्षानुवर्षं पन्नास-शंभर रुपयांत औषध देणारा डॉक्टर सांगतो म्हटल्यावर लोकांनी दार उघडलं. हाताशी सार्वजनिक संडासांची सफाई, शाळा-मंगल कार्यालयांतले विलगीकरण कक्ष आणि जेवणाची सोय होती. सक्तीही होती, पण एकटी सक्ती नव्हती. १८९७ चा धडा १२३ वर्षांनी कामी आला.

२०२२ मध्ये मुंबईत आपला दवाखाना ही योजना सुरू झाली. नाव मला आवडलं. आपला या शब्दासाठी सावित्रीबाईंनी काय किंमत मोजली, हे आपण पाहिलं. सरकारी दवाखान्यानं तो शब्द पाटीवर लिहिला आहे, तर तो निभावणं आपल्या सगळ्यांचं काम आहे. दारात बसणाऱ्यानं आलेल्या बाईची भाषा ऐकावी, तिला रांग दाखवावी, तिच्या आडनावावरून तिची किंमत ठरवू नये. वस्तीतल्या तरुण मुलामुलींनी रविवारचे दोन तास तिथं द्यावेत. मोठं काही नाही, केसपेपर लिहावेत, चिठ्ठी वाचून दाखवावी. इतक्यानं पुष्कळ होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण स्वयंसेवक आहेत म्हणून नगरपालिकेनं निवांत बसू नये आणि आपणही तिला बसू देऊ नये. फुकट दवाखाना उघडणाऱ्याचा आपण सत्कार करतो, शाल देतो, फोटो काढतो. तो करावाच. त्याच कार्यक्रमात त्या वस्तीच्या नगरसेवकाला विचारावं की, इथं पाणी किती वाजता येतं, इमारतींमध्ये अंतर किती सोडलंय, गटार शेवटचं कधी उपसलं? औषधं वाटणाऱ्याला हे प्रश्न विचारायचा हक्क इतरांपेक्षा जास्त आहे, कारण रोगी कुठून येतो आणि कुठं परत जातो हे त्याला ठाऊक असतं. १९१८ च्या त्या तक्त्यातले ८.३ आणि ६१.६ हे दोन आकडे जवळ आणायचे असतील, तर दवाखान्याच्या दारात आपलं माणूस लागेल आणि रोग्याच्या घरात ऊन लागेल. पहिलं आपण देऊ शकतो. दुसरं आपल्याला मागून घ्यावं लागेल, आणि मिळेपर्यंत मागत राहावं लागेल.